तीन कॅमेरे, एक पैठणी आणि तीन निरनिराळे जांभळे

तंबोरा_ट्रायपॉड (एरंडवणे)

नमस्कार. मी आणि माझे दोन मित्र पुण्यात शास्त्रीय संगीताच्या लहान मैफली, अरंगेत्रम आणि क्वचित एखादा नाट्यप्रयोग चित्रित करून देतो. गेल्या महिन्यात सदाशिव पेठेतील एका जुन्या सभागृहात झालेली सव्वादोन तासांची गायनाची मैफल आम्ही तीन कॅमेऱ्यांनी चित्रित केली. संकलन जवळजवळ पूर्ण झाले आहे, पण एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर कट केला की प्रत्येक वेळी गायिका निराळ्या खोलीत जाऊन बसल्यासारखी वाटते. गेले दहा दिवस मी रंग जुळवण्यातच अडकलो आहे, म्हणून येथील जाणकारांना विचारतो.

मधोमध सोनीचा ए७ फोर होता आणि त्यावर एस-लॉग३ मध्ये (लॉग म्हणजे नंतर रंग सुधारता यावेत म्हणून मुद्दाम फिके ठेवलेले चित्रण), १०-बिट चित्रण केले. गायिकेच्या डाव्या बाजूने क्लोजअपसाठी पॅनासोनिक जीएच५ होता. त्यावर व्ही-लॉग मिळवण्यासाठी वेगळे पैसे भरावे लागतात आणि ते आम्ही भरलेले नाहीत, त्यामुळे सिनेलाइक-डी ही कॅमेऱ्यातली तयार रंगमांडणी (प्रोफाइल) ठेवली, तेही १०-बिटच. तबला आणि संवादिनीसाठी उजवीकडे मित्राचा जुना कॅनन ८०डी होता, ज्यात लॉग नाहीच आणि चित्रण ८-बिट होते. समोरून सभागृहाचे चार हॅलोजन होते, तर मागच्या पडद्यावर आयोजकांनी आणलेले निळे एलईडी पार (रंगीत झोत टाकणारे दिवे) होते. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कोणत्या उजेडाला पांढरे मानायचे ती मांडणी, पहिल्या दोन कॅमेऱ्यांवर ३२०० केल्विन ठेवला होता. तिसऱ्यावर तो ऑटो राहिला, हे घरी आल्यावर लक्षात आले. रंगांचा चार्ट आमच्याकडे नव्हता. सुरुवातीला एक पांढरा झेरॉक्सचा कागद तिन्ही कॅमेऱ्यांसमोर धरला होता, एवढेच.

तक्रारी अशा आहेत. जीएच५ मध्ये गायिकेचा गाल निळसर दिसतो आणि सावल्या फार गडद होतात. तबलजींनी घातलेले काळे जाकीट सोनीत चक्क तपकिरी दिसते, इतर दोन्हींत मात्र काळेच आहे. कॅननचा रंग मधूनच पिवळटाकडे आणि पुन्हा निळसराकडे सरकत राहतो. सर्वांत त्रासदायक गोष्ट म्हणजे गायिकेने नेसलेली जांभळी पैठणी सोनीत जांभळी, पॅनासोनिकमध्ये जवळजवळ निळी आणि कॅननमध्ये वांगी रंगाकडे झुकलेली दिसते. डाव्हिंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरमधील शॉट मॅच ही आपोआप जुळवणी करून पाहिली, पण तिने चेहरे आणखीच बिघडवले. चेहरा जुळवला की पैठणी सुटते आणि पैठणी जुळवली की चेहरा हिरवा पडतो. सुरुवात नेमकी कोठून करावी?

राखाडी१८

आपण तक्रारी फार नीट मांडल्या आहेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले आहे. मात्र या सगळ्या तक्रारी एका जातीच्या नाहीत. काही चुका फाइल वाचण्याच्या आहेत, काही चित्रणाच्या आहेत, आणि पैठणीची तक्रार कॅमेऱ्यांच्या घडणीतूनच आलेली आहे. आपण बहुधा तिन्हींवर एकच औषध लावत आहात आणि म्हणून एकीकडे सावरले की दुसरीकडे बिघडते.

सॉफ्टवेअरमधील रंग बदलण्याच्या चाकांना हात लावण्याआधी जीएच५ च्या फाइली तपासा. त्या कॅमेऱ्यात ल्युमिनन्स लेव्हल नावाची एक मांडणी आहे. १०-बिट चित्रणात ती ६४ ते ९४०, ६४ ते १०२३ किंवा ० ते १०२३ अशी ठेवता येते. कॅमेऱ्याने पूर्ण पल्ला वापरला आणि सॉफ्टवेअरने तो मर्यादित पल्ला समजून वाचला, तर काळे बुडते, पांढरे फाटते आणि चित्र अकारण कडक दिसते. रिझॉल्व्हमध्ये क्लिप अ‍ॅट्रिब्यूट्समध्ये जाऊन डेटा लेव्हल ‘ऑटो’वरून ‘फुल’ करून पाहा. गडद सावल्यांची आपली तक्रार निम्मी तरी येथेच मिटेल असा माझा अंदाज आहे. ही चूक चाकांनी दुरुस्त करण्यात मी स्वतः एकदा पूर्ण रविवार घालवला आहे.

त्यानंतर सोनीचे एस-लॉग३ हे नियमाप्रमाणे रेक. ७०९ मध्ये, म्हणजे एचडी टीव्हीच्या ठरलेल्या रंगमानात, आणा. त्यासाठी कलर स्पेस ट्रान्सफॉर्म वापरा. कोठून तरी उतरवलेली आकर्षक लट (LUT, म्हणजे तयार रंगतक्ता) तेथे लावू नका. एस-लॉग३ मध्ये १८ टक्के राखाडी ४१ टक्क्यांवर बसते आणि ९० टक्के पांढरे ६१ वर, हे लक्षात ठेवले तर एक्स्पोजर किती चुकले होते हे वेव्हफॉर्मवरच, म्हणजे उजळपणाच्या आलेखावरच, कळते. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्सची दुरुस्ती या रूपांतराच्या आधीच्या नोडमध्ये (नोड म्हणजे रिझॉल्व्हमधील दुरुस्तीची एक पायरी) करावी. ती नंतर केली तर छाया आणि उजेड वेगवेगळ्या वाटेने जातात आणि मग प्रत्येक तिसऱ्या क्लिपला नवा उपाय शोधावा लागतो.

आता कोणता कॅमेरा आधार धरायचा हा प्रश्न येतो. बहुतेक जण सर्वांत चांगला कॅमेरा आधाराला घेतात आणि बाकीच्यांना त्याच्याकडे ओढतात. मला ते उलटे वाटते. ८०डी चे चित्रण ८-बिट आहे, म्हणजे प्रत्येक रंगवाहिनीत फार तर २५६ पायऱ्या आहेत, शिवाय रंगाची माहिती ४:२:० मध्ये आणखी विरळ झालेली आहे. १०-बिटमध्ये अशा पायऱ्या १०२४ असतात. त्या कॅननला ओढले तर मागच्या निळ्या पडद्यावर लगेच पट्टे उमटतील. सोनी आणि पॅनासोनिकला मात्र ओढ सोसते. म्हणून आधी कॅननचा एखादा चांगला क्षण निवडा, त्याला शक्य तितका कमी हात लावून समाधानकारक करा, त्याचे स्टिल गॅलरीत ठेवा आणि उरलेल्या दोघांना त्या स्टिलशी पडदा अर्धा विभागून जुळवा. घरातील सर्वांत अशक्त माणसाच्या चालीने सगळ्यांनी चालायचे, तसेच हे आहे.

चार्ट नसला तरी फारसे अडत नाही. जुळवणीसाठी वस्तू तटस्थ राखाडीच असायला हवी असे नाही. ती दोन्ही चौकटींत तीच असावी आणि तिच्यावरचा उजेडही तोच असावा, एवढे पुरते. संवादिनीच्या पांढऱ्या पट्ट्या कॅननमध्ये आणि सोनीच्या वाइडमध्ये एकाच वेळी दिसत असणार. तबल्याची शाई हा तयार काळा नमुना आहे. तानपुऱ्याचा भोपळा सोनी आणि जीएच५ या दोघांना समान असेल. या तीन जागांवर आधी काळे, मग पांढरे, मग मधला उजेड जुळवा. सॅच्युरेशन त्यानंतर आणि रंगछटा सर्वांत शेवटी. कॉन्ट्रास्ट जुळलेला नसताना रंग जुळवायला गेलो तर डोळा दर वेळी फसतो, कारण कडक चित्रात रंग आपोआप भडक वाटतात. झेरॉक्सच्या कागदावर आणि साथीदारांच्या पांढऱ्या शुभ्र कुर्त्यांवर मात्र विश्वास ठेवू नका. कागदात आणि साबणाच्या पावडरीत चकाकी आणणारी द्रव्ये असतात, कुर्त्याला त्यावर नीळ दिलेली असते, आणि अशा पांढऱ्याचा निळेपणा उजेडाप्रमाणे बदलतो.

चेहऱ्यासाठी व्हेक्टरस्कोपवर, म्हणजे रंगछटा दाखवणाऱ्या गोल आलेखावर, त्वचेची रेषा सुरू करा. गोरा असो वा सावळा, माणसाच्या कातडीची छटा त्या रेषेच्या आसपासच पडते, कारण रंग देणारे मेलॅनिन आणि रक्त सर्वांचे सारखेच. फरक पडतो तो उजळपणात आणि गडदपणात. मोजताना कपाळ घेऊ नका, तेथे कुंकवाचा आणि घामाच्या चकाकीचा हिशेब मिसळतो. गालाचा सावलीकडे वळणारा भाग घ्या.

पैठणीबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपण तेथे स्वतःला दोष देत आहात आणि तो बराचसा आपला नाही. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्या असतात, पण त्या मानवी डोळ्याच्या प्रतिसादाची हुबेहूब नक्कल करत नाहीत, आणि प्रत्येक कंपनीच्या गाळण्या निराळ्या असतात. कॅमेरा त्यानंतर नऊ आकड्यांच्या एका तक्त्याने हा प्रतिसाद मानवी डोळ्याजवळ आणतो. तो तक्ता ही तडजोड असते. त्वचा, आकाश आणि पाने यांसाठी ती बरी साधलेली असते, पण रेशमावरील गडद जांभळ्यासारख्या रंगात, जेथे परावर्तन दृश्य उजेडाच्या दोन टोकांना, निळ्यात आणि खोल लालमध्ये, असते आणि मधे जवळजवळ काही नसते, तेथे प्रत्येक कॅमेरा आपापली चूक करतो. दोन कॅमेरे शंभर रंगांवर जुळले तरी एकशे एकाव्यावर वेगळे पडू शकतात. म्हणून पैठणीसाठी पूर्ण चित्राला हात लावूच नका. चेहरा आणि तटस्थ भाग जुळवून झाल्यावर वेगळ्या नोडमध्ये ह्यू व्हर्सेस ह्यू या वक्राने फक्त जांभळा पट्टा वळवा आणि लागलेच तर क्वालिफायर या रंगावरून भाग निवडणाऱ्या साधनाने साडी वेगळी करा. शॉट मॅच हे करू शकत नाही. पडद्यावरचा निळा आणि साडीचा जांभळा यांतला फरक त्याला कळत नाही.

एक प्रश्न: सोनीच्या भिंगावर एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी करडी काच) लावला होता का? काळे जाकीट तपकिरी दिसण्याचे कारण मला तेथे दिसते आहे, पण आपले उत्तर आल्यावर लिहितो.

व्हिजनकंट्रोल

मी पंचवीसहून अधिक वर्षे ओबी व्हॅनमध्ये (बाहेरच्या कार्यक्रमांचे टीव्ही चित्रण करणाऱ्या गाडीत) कॅमेऱ्यांच्या नियंत्रणावर बसलो आहे. आम्हाला संकलनात जुळवण्याची सवलत नव्हती. जे काही जुळवायचे ते कार्यक्रमाआधीच्या तासाभरात, आणि नंतर कार्यक्रम चालू असताना एका हाताने आयरिस (भिंगाचे छिद्र) आणि दुसऱ्या हाताने काळे सांभाळत. आधीचे उत्तर चांगले आहे. दोन ठिकाणी माझे मत निराळे आहे, ते नोंदवतो.

पहिले मत जीएच५ मधल्या निळसर गालाविषयी. ती कॅमेऱ्याची चूक आहे असे सर्वांनी गृहीत धरले आहे. मागचे पार निळे होते आणि हा कॅमेरा बाजूने बघत होता. त्या बाजूच्या गालावर निळा उजेड खरोखरच पडला असणार. समोरच्या कॅमेऱ्याला तो गाल फक्त कडेने दिसतो, म्हणून त्यात निळेपणा जाणवत नाही. आता आपण जीएच५ चे पूर्ण चित्र पिवळ्याकडे ढकलले तर तानपुरा आणि उजवा गाल नारिंगी होतील, आणि मग आपण म्हणणार की हा कॅमेरा जुळतच नाही. आधी कॅमेऱ्याचा फरक आणि उजेडाचा फरक वेगळे करा. सोपा मार्ग असा की गायिकेने मान वळवून हॅलोजनकडे पाहिल्याचा एखादा क्षण जीएच५ मध्ये शोधा आणि जुळवणी त्या क्षणावर करा. त्यानंतर गालावर जो निळेपणा उरेल तो रंगमंचाचा आहे, आणि तो थोडासा राहू द्यावा. बाजूच्या कॅमेऱ्यात बाजूचा उजेड दिसणे प्रेक्षकाला खटकत नाही. चेहऱ्याचा मूळ रंग बदललेला मात्र खटकतो.

दुसरे मत लॉगविषयी. तीनांपैकी एक कॅमेरा ८-बिट आणि लॉगविरहित आहे हे आधीच ठाऊक होते, तर मैफलीसारख्या स्थिर उजेडाच्या कार्यक्रमात सोनीवर एस-लॉग३ का ठेवले? कार्यक्रम शेवटी रेक. ७०९ मध्येच दाखवायचा होता. आमच्या व्हॅनमध्ये सहा कॅमेरे एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे असत, आणि तरीही दर कार्यक्रमाआधी एकच राखाडी पायऱ्यांचा चार्ट त्याच उजेडात ठेवून सहाही कॅमेरे त्याच्यावर वळवले जात. आधी काळे, मग पांढरे, मग गॅमा (मधला उजेड), आणि पुन्हा काळे, कारण गॅमा हलला की काळे हलतेच. भिंग बदलले तरी रंग बदलतो, त्यामुळे मॉडेल एक असूनही चार्ट चुकत नसे. जेथे सारखे कॅमेरे एवढे निराळे वागतात, तेथे तीन कंपन्यांचे तीन कॅमेरे तीन निरनिराळ्या वक्रांवर ठेवणे म्हणजे आधीच वाकडी असलेली वाट आणखी लांबवणे आहे. तिन्हींवर शक्य तितकी सपाट, कमी शार्पनेसची साधी प्रोफाइल ठेवून चेहरा वेव्हफॉर्मवर एकाच उंचीवर आणला असता, तर आपले सात दिवस वाचले असते.

आणखी एक सवय सांगतो. दोन चित्रे शेजारी ठेवून फार वेळ टक लावून पाहू नका. डोळा अर्ध्या मिनिटात दोन्हींशी जुळवून घेतो आणि सगळे ठीक वाटू लागते. आम्ही स्विचरवर एक, दोन, एक, दोन असे भराभर कट करून पाहत असू. कटच्या क्षणी जी गोष्ट टोचते तीच प्रेक्षकाला टोचणार असते. टाइमलाइनवर चार-चार फ्रेमचे तुकडे ठेवून हेच घरी करता येते.

पुण्यात टीव्ही चित्रणाचे शिक्षण लॉ कॉलेज रस्त्यावरच्या संस्थेत १९७४ पासून आहे, म्हणजे या शहराला तीन कॅमेऱ्यांची सवय नवी नाही. नवे आहे ते तिन्ही कॅमेरे निरनिराळ्या मित्रांकडून मागून आणणे.

हॅलोजनवाला

मी रंगमंचाची प्रकाशयोजना करतो, कॅमेऱ्याचा जाणकार नाही, म्हणून दोनच गोष्टी लिहितो.

सभागृहाचे हॅलोजन डिमरवर होते का, हे विचारून घ्या. पूर्ण ताकदीवर ते ३२०० केल्विनच्या आसपास असतात, पण डिमर खाली आला की तार थंड होते आणि उजेड लालसर होत जातो. मध्यंतरानंतर कोणी ‘गायिकेच्या डोळ्यांवर येतोय’ म्हणून दिवे जरा उतरवले असतील, तर दुसऱ्या अर्ध्या भागात कॅमेऱ्यांचा ३२०० हा आकडा तसाच राहूनही सगळेच चित्र तांबूस होते. आपण पहिल्या भागात बनवलेली जुळवणी तेथे डकवली तर ती चुकणारच.

निळ्या पारांविषयी सांगायचे तर त्यांचा उजेड अतिशय अरुंद पट्ट्यातला असतो. डोळ्याला आणि साध्या वेव्हफॉर्मला तो मंद वाटतो, कारण उजळपणाच्या गणितात निळ्याचा वाटा फारच लहान असतो, रेक. ७०९ मध्ये तो जेमतेम ७ टक्के आहे. पण आरजीबी परेड (लाल, हिरव्या आणि निळ्या वाहिन्यांचे वेगवेगळे आलेख) लावून पाहा, निळी वाहिनी छताला टेकलेली दिसेल. ती एकदा टेकली की त्या भागातील पोत परत येत नाही, आणि तीन कॅमेऱ्यांत ती तीन निरनिराळ्या जागी टेकते. पडद्याचा निळा तिन्हींत जुळवण्याच्या फंदात पडू नका. त्याला तिन्हीकडे थोडा फिका आणि थोडा अंधारा करा, म्हणजे तुलना करायला काही उरतच नाही. पुढच्या वेळी आयोजकांना फक्त निळा न लावता त्यात थोडा पांढरा मिसळायला सांगा. रंगमंचावर दिसायला फरक पडत नाही, कॅमेऱ्याला मात्र फार पडतो.

तंबोरा_ट्रायपॉड (एरंडवणे)

सर्वांचे मनापासून आभार. एकेक तपासून पाहिले.

राखाडी१८, आपला अंदाज अचूक निघाला. जीएच५ वर पल्ला ० ते १०२३ असा होता आणि रिझॉल्व्ह तो मर्यादित समजत होते. ‘फुल’ केल्याबरोबर गायिकेच्या केसांतला तपशील परत आला. दहा दिवस मी ती क्लिप लिफ्टच्या (सावल्या उजळवणाऱ्या) चाकाने उचलत होतो.

एनडीविषयी लिहायला संकोच वाटतो. त्याच दुपारी आम्ही सारसबागेत एक मुलाखत चित्रित केली होती आणि व्हेरिएबल एनडी सोनीच्या भिंगावर तसाच राहिला. सभागृहात चित्र अंधारे दिसले तेव्हा आमच्या कॅमेरामनने फिल्टर पाहण्याऐवजी आयएसओ वाढवला. त्याचे म्हणणे असे की अंधार सभागृहाचाच होता.

व्हिजनकंट्रोल सर, आपण सांगितल्याप्रमाणे मान वळवल्याचा क्षण शोधला. एका तानेच्या शेवटी त्यांनी संवादिनीवाल्यांकडे पाहून दाद दिली आहे, तेथे चेहऱ्यावर फक्त हॅलोजन आहे. त्या क्षणावर जीएच५ आणि सोनी जुळवल्यावर उरलेल्या भागातला निळेपणा खरोखरच मागच्या दिव्यांचा निघाला. डिमरची चौकशीही केली. दुसऱ्या भागात दिवे उतरवले होते, असे सभागृहाच्या कर्मचाऱ्याने सांगितले.

आता दोन गोष्टी उरल्या आहेत. कॅननचा सरकणारा ऑटो व्हाइट बॅलन्स कसा धरावा, आणि जाकिटाचे काय करावे?

राखाडी१८

जाकिटापासून सुरुवात करतो. हॅलोजनच्या ऊर्जेचा मोठा भाग डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त पट्ट्यात असतो. कृत्रिम धाग्यांवरचे बरेचसे काळे रंग दिसणारा उजेड शोषतात पण अवरक्त किरणे परत फेकतात. साधा एनडी दिसणारा उजेड अडवतो, अवरक्त फारसा अडवत नाही. त्यामुळे चोरून आलेल्या अवरक्ताचे प्रमाण वाढते, आयएसओ वाढवला की तेही उजळते, आणि ते प्रामुख्याने लाल वाहिनीत उतरते. म्हणून एखादे काळे काळेच राहते आणि पॉलिएस्टरचे जाकीट तपकिरी होते. तबल्याची शाई सोनीत कशी दिसते ते पाहा. ती काळीच असेल तर निदान पक्के झाले. यावर सरसकट उपाय नाही. जाकीट क्वालिफायरने निवडा, त्याचे सॅच्युरेशन जवळजवळ शून्यावर आणा आणि हात वाजवताना फिरत असल्याने मास्कला (निवडलेल्या भागाला) त्याच्याबरोबर सरकणारा ट्रॅकर लावा. छायेतला लाल पूर्ण चित्रात कमी करण्याचा मोह होईल. तो केला तर गायिकेच्या केसांत हिरवट झाक येईल.

ऑटो व्हाइट बॅलन्सला मात्र कष्टाशिवाय पर्याय नाही. ८०डी एका वेळी २९ मिनिटे ५९ सेकंदांपर्यंतच चित्रण करतो, तेव्हा आपल्याकडे त्याच्या पाच तरी क्लिपा असतील. सव्वादोन तास सगळे दुरुस्त करू नका. संकलनात कॅननचे जेवढे तुकडे प्रत्यक्ष वापरले आहेत तेवढेच घ्या. ते बहुतेक दहा-पंधरा सेकंदांचे असतील आणि एवढ्या वेळात रंग सहसा फारसा सरकत नाही, त्यामुळे प्रत्येक तुकड्याला संवादिनीच्या पट्ट्यांवर मोजून एक स्थिर दुरुस्ती पुरेल. एखाद्या तुकड्यात तो डोळ्यांदेखत सरकत असेल तर सुरुवातीला आणि शेवटाला दोन कीफ्रेम (त्या-त्या क्षणाची वेगळी दुरुस्ती) द्या, किंवा सरळ तेथे वाइड वापरा. तबलजींचे बोट दाखवण्याच्या हट्टापायी रात्र घालवण्यात अर्थ नाही.

व्हिजनकंट्रोल सरांचे लॉगविषयीचे मत मला पुढच्या कार्यक्रमासाठी पटते, पण पूर्ण पटत नाही. उजेड नियंत्रणात असेल तर साधी प्रोफाइल उत्तम. पण पेठेतल्या सभागृहात कोण कधी कोणता दिवा लावील याचा नेम नसतो, आणि चेहऱ्यावर एकदा उजेड फाटला की साध्या प्रोफाइलमध्ये तो गेलाच. मी सोनीवर लॉगच ठेवीन आणि ८०डी आणणार नाही.

एक सूचना राहिली होती. तिन्ही कॅमेरे, तीच भिंगे आणि तो एनडीसुद्धा आजही आपल्याकडे आहेत. चार्ट त्या दिवशी नव्हता म्हणून तो आता घेता येणार नाही असे नाही. सभागृह अर्ध्या तासासाठी मागा, हॅलोजन पूर्ण लावा, गायिकेच्या जागी २४ चौकोनांचा कलर चेकर ठेवा आणि त्या दिवशीच्याच मांडणीत तिन्ही कॅमेऱ्यांनी त्याचे चित्रण करा. रिझॉल्व्हमधील कलर मॅच त्या चार्टवरून एक पायाभूत दुरुस्ती काढून देते. ती अंतिम नसते, पण आपण आज जेथे तीन तासांनी पोहोचता तेथे ती दहा मिनिटांत पोहोचवते. १९७६ पासून वापरात असलेल्या त्या चार्टात एक जांभळा चौकोन आहे, पण तो रेशमाचा नाही, एवढे ध्यानात ठेवा.

व्हिजनकंट्रोल

चार्ट ठेवाल तेव्हा तो गायिकेच्या चेहऱ्याच्या उंचीवर, हॅलोजनकडे तोंड करून ठेवा, आणि निळे पार बंद ठेवा. तिन्ही कॅमेऱ्यांनी एकाच वेळी तो चार्ट पाहावा. एकेका कॅमेऱ्याकडे चार्ट वळवत गेलात तर दर वेळी त्याच्यावरचा उजेड बदलेल आणि सगळा खटाटोप वाया जाईल. ८०डी न आणण्याबद्दल माझे काही म्हणणे नाही, पण मित्र दुखावणार नाही असे पाहा.

तंबोरा_ट्रायपॉड (एरंडवणे)

आज सकाळी सभागृह मिळाले. जाण्याआधी गायिकेला तात्पुरती आवृत्ती दाखवावी म्हणून काल त्यांच्याकडे गेलो होतो. चेहरे आता जुळले आहेत, जाकीट काळे झाले आहे, आणि पैठणी मी तिन्ही कॅमेऱ्यांत सोनीच्या जांभळ्याशी नेऊन जुळवली होती. त्या दहा मिनिटे शांतपणे पाहत होत्या. मग म्हणाल्या, ‘गाणं बरं झालंय हो, पण माझी पैठणी यातल्या कुठल्याच रंगाची नाही.’ आणि आतून ती घेऊन आल्या. खरोखरच ती सोनीपेक्षा लालसर होती, कॅननच्या वांग्याच्या अधिक जवळची, आणि काठाजवळ तिच्यात हिरवी धूपछाव होती जी आमच्या एकाही कॅमेऱ्यात उतरलेली नाही.

त्यांनी पैठणी एका दिवसासाठी दिली. तेव्हा आज कलर चेकरशेजारी पाटावर पैठणीची घडी ठेवून, हॅलोजनखाली, निळे दिवे बंद करून तिन्ही कॅमेऱ्यांनी चित्रण केले. सोनीवर एकदा एनडीसह आणि एकदा एनडीशिवाय असे दोनदा घेतले. एनडीशिवायच्या चित्रात जांभळा कॅननच्या बराच जवळ गेला, म्हणजे मी दहा दिवस ज्याला खरा रंग समजत होतो त्यात थोडा दोष सारसबागेतल्या त्या फिल्टरचाही होता. ह्यू व्हर्सेस ह्यू चा वक्र आता डोळ्यांच्या अंदाजाने न देता या नमुन्यावरून देतो आहे. धूपछाव मात्र हललेल्या पदराखेरीज दिसत नाही आणि घडीत ती कॅमेऱ्याला सापडलीच नाही. संध्याकाळी पैठणी परत करायला जाईन तेव्हा आई सोबत येते म्हणाली आहे. काठ बघायचा आहे तिला.